ह्यांची नागपूरची परीक्षा

८ सप्टेंबर १९५७, रविवार

हे आज चांद्याहून परत आले. सिव्हिल सर्जननी कपाळाची खूण पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी ठोकली आणि म्हणाले, माणूस ठणठणीत आहे. पण डोक्याच्या आतलं ते सांगू शकत नाहीत. त्यासाठी नागपूरला जावं लागेल. तिथल्या मोठ्या दवाखान्यात बंगलोरहून शिकून आलेल्या एक बाई आहेत, त्या मेंदूची परीक्षा घेतात. सुई नाही, चिरफाड नाही. नुसते प्रश्न विचारतात, ठोकळे आणि चित्रं पुढे ठेवतात. त्यांचं म्हणणं आलं की जंगल खातं ठरवणार, ह्यांना परत कामावर घ्यायचं की नाही.

जानेवारीत सागाची कटाई चालू असताना वरून फांदी तुटून ह्यांच्या कपाळावर बसली. तेव्हा वाटलं, सगळं संपलं. पण उठले, चालले, बोलले. आता भात दुप्पट खातात. पूर्वी चार माणसांत त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. आता अंगणातून हाक मारतात, "इंदे, भात वाढ!" ह्यांच्या हाताखालचा लटारू गार्ड खाली मान घालून हसतो. मलाही हसू येतं. मरणाच्या दारातून आलेला माणूस जरा मोकळा होत असेल.

मी मास्तरांची मुलगी. परीक्षा म्हटलं की मला एकच कळतं, तयारी करायची.

१९ सप्टेंबर

हे लिहू की नको, असं झालं आहे. पण कुठेतरी लिहिलं नाही तर माझंच डोकं फुटेल.

सकाळी हे आमच्या कमळाला घेऊन नाल्यावर आंघोळीला गेले. थोड्या वेळानं एकटेच परत आले आणि पाटावर बसले. मी विचारलं, कमळा कुठे? म्हणाले, "आहे ना तिथी." आवाज अगदी साधा, दोरीवर धोतर वाळत घातलंय असं सांगावं तसा. मी धावत सुटले. वर कुठेतरी पाऊस झाला असावा, नाल्याला गढूळ पाणी चढत होतं. पलीकडच्या टोल्यावरचा, त्या छोट्या वस्तीतला, मंगरू मला वाटेतच भेटला. त्याच्या खांद्यावर कमळा होती. मधल्या खडकावर उभी राहून ती रडत होती म्हणे. तो छातीभर पाण्यातून गेला आणि तिला उचलून आणलं. मी त्याच्या पाया पडायला वाकले तर तो लाजून मागेच सरला. तांदूळ दिले तेही घेईना. शेवटी त्याची बायको सोमारी संध्याकाळी येऊन घेऊन गेली.

ह्यांना विचारलं, पोरीला सोडून कसे आलात? म्हणाले, भूक लागली होती.

कमळा सात वर्षांची आहे. तिला जवळ घेऊन समजावलं, हे कुणाजवळ बोलायचं नाही. बाबांचं लक्ष नव्हतं, एवढंच. तिनं मान हलवली. तेव्हापासून ती ह्यांच्या हाताला हात लावत नाही.

७ ऑक्टोबर, मूल

बल्लारशापर्यंत मोटार, तिथून चांदा, पुढे चांद्याहून छोटी गाडी. कमळाला माझ्या आईनं ब्रह्मपुरीला नेलं आहे. आज मूलला दिरांकडे मुक्काम, उद्या पहाटे ते आमच्यासोबत नागपूरला येणार. भैयाजी धानाच्या मिलमध्ये मुनीम आहेत. दोन खोल्यांत त्यांची सहा माणसं राहतात.

गेल्या आठवड्यात इथे ह्यांच्या आत्या वारल्या. ह्यांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं. त्यांच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर सुनेनं हंबरडा फोडला. हे तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "तेरवीले बुंदी करून राह्यले का?" सून रडता रडता त्यांच्याकडे पाहायला लागली. मी घाईघाईनं सांगितलं की प्रवासानं दमले आहेत. त्यांना बुंदी पहिल्यापासूनच आवडते, त्यात खोटं काही नाही.

भैयाजींनी मला मागच्या दारी बोलावलं. वाईट माणूस नाही. जमिनीकडे पाहत बोलले, "वयनी, दादाची नोकरी राह्यली पायजे. मी नाई म्हणत नाई तुमाले. पण घर तुमी पाहूनच राह्यल्या." मी म्हटलं, नोकरी राहील.

८ ऑक्टोबर, नागपूर

मला वाटलं होतं चष्मा लावलेल्या कुणी म्हाताऱ्या डॉक्टरीण असतील. बाई माझ्याच वयाच्या निघाल्या. सुती पातळ, एक वेणी. आधी तिघांनाही बसवलं. ह्यांना विचारलं, झोप झाली का, काही खाल्लं का, वाचायला चष्मा लागतो का, ऐकू नीट येतं का. मग सांगितलं की आज आणि उद्या दोन्ही दिवस लागतील. काही गोष्टी सोप्या वाटतील, काही जमणारच नाहीत, त्या कुणालाच सगळ्या जमत नाहीत. दमलात तर सांगायचं, थांबू. "इथे पास-नापास काही नसतं," त्या म्हणाल्या. "डोक्याचं कुठलं काम नीट चाललंय आणि कुठलं अडतंय, एवढंच मला पाहायचंय."

असं सगळेच परीक्षक म्हणतात. माझे वडीलही मुलांना म्हणायचे, आणि मग नापास करायचे.

आम्हाला बाहेर बसवलं. दार अर्धं उघडं होतं. एवढं दिसलं की लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी जुळवायची होती आणि हे भराभर जुळवत होते. मला देव पावल्यासारखं वाटलं. पुढे बाईंनी एक गोष्ट वाचून दाखवली, ती ह्यांनी परत सांगायची. मग आकडे. सरळ म्हणायचे, नंतर तेच उलटे. उलट्याला हे अडखळले. मग बाईंनी विचारलं, दिवसाउजेडी जंगलात वाट चुकलात तर काय कराल? आता हे फॉरेस्टर! सूर्य कुठे, नाला कुठल्या बाजूला वाहतो, ढोरांची वाट कशी ओळखायची, सगळं सांगत बसले. बाई लिहीतच होत्या. भैयाजींनी मला कोपरानं खुणावलं. आम्ही दोघंही हसलो, किती दिवसांनी.

दिवे लागायच्या वेळी धर्मशाळेत ह्यांना समोर बसवलं आणि उलटे आकडे घोकून घेतले. आधी कंटाळले. मग जिलेबीचं कबूल केल्यावर म्हणायला लागले. सहा, दोन, नऊ, चार. चार, नऊ, दोन, सहा. शाळेतली मुलं अशीच शिकतात.

९ ऑक्टोबर, नागपूर

आज पत्ते होते. त्यांवर निरनिराळ्या रंगांची निरनिराळी चित्रं. त्याबद्दल ह्यांनीच मला सांगितलं, रागावून.

"कसे लावाचे ते बाई सांगतच नाई. नुसतं बरोबर म्हणते, नाई तं चूक म्हणते. मी रंगाले रंग लावला, बरोबर म्हणे. लावत गेलो, बरोबर, बरोबर. मंग एकदम चूक म्हणाले लागली."

मी विचारलं, मग तुम्ही काय केलं?

"रंगानंच लावले. पयले तेच बरोबर होतं ना."

शेवटपर्यंत ह्यांनी रंगच सोडला नाही. मला त्यांचंच पटलं. मधेच नियम बदलायचा आणि माणसाला सांगायचंही नाही, ही कुठली रीत?

दुपारी बाईंनी मला एकटीला बोलावलं. भैयाजी मागोमाग येऊन दारापाशी उभे राहिले. बाईंनी पुष्कळ विचारलं. स्वभाव बदलला का? आपणहून काही काम काढतात का, की सांगावं लागतं? कुणाच्या दुःखात दुःखी होतात का? काम अर्ध्यावर सोडून येतात का? मी म्हटलं, सगळं पहिल्यासारखं आहे. थोडे जास्त हसतात.

मग त्यांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाल्या, "आज मी उलटे आकडे पुन्हा विचारले. कालच्यापेक्षा एकदम बरे आले. रात्री सराव करून घेतला का?"

मी नाही म्हटलं.

"घेतला असेल तर रागावणार नाही. पण मग मला ते दिसत नाहीत, तुमची मेहनत दिसते." मग पुन्हा विचारलं, "त्यांच्या हातून कुणाला धोका होईल असं काही घडलंय का? घरात मुलगी आहे म्हणालात."

तोंडाशी आलं होतं. नाला, खडक, गढूळ पाणी, सगळं. भैयाजी टोपी हातात घेऊन तिच्या शिवणीकडे पाहत होते. मला त्यांच्या दोन खोल्या आठवल्या, आणि ह्यांचा खाकी कोट. तो मी धुऊन, इस्त्री करून पेटीत ठेवला आहे.

मी म्हटलं, "नाही बाई. तसं काही नाही."

मग भैयाजींना बाहेर थांबायला सांगून बाईंनी आपलं शेवटचं म्हणणं सांगितलं. स्मरण चांगलं आहे, हिशेब चांगला आहे, हात चांगला चालतो. पण एकदा धरलेलं सुटत नाही, पुढचं पाहून पाऊल मागे घेणं होत नाही. हे घरातच जास्त कळतं, या टेबलावर कमी. म्हणून हलकं काम द्यावं, दुसऱ्या कुणाच्या हाताखाली. त्यांच्या भरवशावर माणसं देऊ नयेत. सहा महिन्यांनी परत आणावं.

बाहेर आल्यावर भैयाजींनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, काम द्या म्हणाल्या.

जिलेबी कबूल केली होती, ती घेतली.

२३ ऑक्टोबर

दिवाळी बरी झाली. कमळा आजीकडेच आहे, यायला तयार नाही.

२७ नोव्हेंबर

हुकूम आला! ह्यांना परत घेतलं. अंगारा लावला, लटारूनं नारळ फोडला. खाकी कोट आता सैल होण्याऐवजी घट्ट होतो, पोट सुटलं आहे. मला रडू आलं तर म्हणतात, "काऊन रडून राह्यली?" खरंच काही न कळून विचारतात. पुरुषांना आनंदाचं रडणं कळत नाही.

हलक्या कामाचं मी रेंजरसाहेबांच्या कानावर घातलं. माणूस चांगला आहे, पण त्यांच्या डोक्याला भलतीच कामं. आधीचं राज्य गेलं, आपण मुंबई राज्यात आलो, त्याला वर्ष झालं तरी बदल्या आणि कागदांचा गोंधळ संपलेला नाही; बाईंचं पत्रही त्यातच कुठेतरी अडकलं असावं. दोन जागा रिकाम्या आहेत. म्हणाले, "बाई, फॉरेस्टरचं हलकं काम म्हणजे काय? त्यांना काय मी फाटकावर बसवू? आणि लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील, हे मलाही पटलं. मग मी पुढचं, माणसांबद्दलचं, बोलले नाही.

५ जानेवारी १९५८

सगळं सुरळीत. सकाळी मी हाक मारते, कपडे पुढे ठेवते, आज कुठल्या कूपावर, कटाईच्या तुकड्यावर, जायचं ते लटारू सांगतो. एकदा कामाला लागले की दिवसभर तेच करतात. तोडायच्या झाडांवर हातोड्यानं छाप मारायला लावलं तर नको त्या झाडांवरही मारत गेले. लटारूनं नंतर ते निस्तरलं. मी त्याला चिवडा दिला.

लटारू एकदा चुलीपाशी बसून म्हणाला, "बाई, साहेब गुस्सा नाई करत आता. पयले लय करत." मी म्हटलं, चांगलंच आहे की. तो म्हणाला, "हो, चांगलंच." आणि कपातला चहा तसाच फिरवत बसला.

१६ फेब्रुवारी

मोहाची पानं गळायला लागली. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जंगलात लांबलचक पट्टे आधीच जाळून मोकळे ठेवतात, त्या जाळपट्ट्यांचं काम ह्यांच्याकडे आलं आहे. माणसं टोल्यावरचीच, मंगरू त्यांचा पुढारी. पूर्वी हे काम ह्यांच्याइतकं चोख कुणी करत नसे. पहाटे दव असताना आग लावायची, दोन्ही बाजूंना माणसं उभी करायची, आत कुणी नाही ना ते हाका मारून पाहायचं. मला पाठ आहे, दरवर्षी ऐकत आले. काळजीचं काही नाही.

तरी आज लटारूला म्हटलं, तू सोबत राहत जा.

१२ मार्च

मंगरू गेला.

१४ मार्च

लटारूनं सांगितलं तसं लिहिते.

परवा दव पडलेलंच नव्हतं. वारा होता, म्हणून सकाळचं काम थांबवलं. सगळे सावलीत बसले. मंगरू आणि आणखी दोघं पट्ट्याच्या आत गवत कापायला गेले, मोकळं बसवेना म्हणून. दुपारी हे उठले आणि काडी ओढली. लटारू ओरडला, साहेब थांबा, मंगरू आत आहे. हे म्हणाले, "येईल तो," आणि पुढे लावत गेले. लटारूनं हात धरला तर झटकला. आज हा पट्टा जाळायचा, असं सकाळी ठरलं होतं ना, म्हणून जाळत गेले. पट्टा संपेपर्यंत थांबले नाहीत.

दोघं भाजले, पण निघाले. मंगरू उलट्या बाजूनं निघाला आणि तिकडे वारा होता. अहेरीला नेताना बैलगाडीतच गेला.

हे संध्याकाळी घरी आले. हातपाय धुतले. मला अजून काहीच माहीत नव्हतं. ताटावर बसून म्हणाले, "आज वांगं नाई केलं?" तेवढ्यात टोल्याकडून रडण्याचे आवाज यायला लागले. मी विचारलं, काय झालं हो? भात कालवत म्हणाले, "मंगरू जळला."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. काहीतरी शोधत होते, कुठेतरी डोळ्याच्या कोपऱ्यात, ओठात. त्यांनी ताक मागितलं. मी वाढलं.

२९ मार्च

चौकशी झाली. ह्यांना घरी बसवलं आहे. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं तेव्हा ह्यांनी सगळं खरं सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही. मंगरू आत असल्याचं माहीत होतं का? हो. मग का लावली? "पट्टा जाळाचा होता." साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, ह्यांना नागपूरला दाखवलं होतं ना? मी हो म्हटलं.

आज सोमारी आली. मला वाटलं शिव्या देईल, दगड मारेल. ती ओसरीच्या खाली बसली. तिला मराठी थोडंच येतं. साहेब लोकांनी टोल्यावर जाऊन काय विचारलं ते सांगत होती, पुढे काय करायचं ते मला विचारत होती. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

हे बाहेर आले. तिला पाहून ओळखीचं हसले. तिच्याजवळ बसून समजूत घालावी तसे म्हणाले, "सोमारी, मंगरू मेला ना. जळून गेला तो." जणू तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं. मग मला हाक मारली, "इंदे, सोमारीले चहा दे."

मी चहा केला. दुसरं काय करणार होते? ती खूप वेळ कप हातात धरून बसली. ह्यांच्याकडे पाहत होती, पण रागानं नाही. जत्रेत आंधळ्याकडे पाहतात तशी. मग चहा प्यायली, कप उपडा ठेवला आणि गेली.

ह्यांचं माझ्या आधी तिला कळलं, असं वाटतं.

१० एप्रिल

जंगल खात्याचं नाक्यावरचं घर सोडलं. लटारूनं सामान गाडीत चढवलं. मूलला भैयाजींनी पडवीला तट्टे लावून जागा केली आहे. ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत आणि मीही त्यांना देत नाही. नागपूरला त्या दुपारी आम्ही दोघंही बाईंसमोर होतो, हे फक्त आम्हालाच माहीत आहे.

१७ एप्रिल, नागपूर

सहा महिने झाले होते. मी ह्यांना घेऊन एकटीच आले.

बाईंनी ह्यांना पाहिलं आणि आधी मलाच आत बोलावलं. या वेळी त्यांना काही विचारावं लागलं नाही. मी नाल्यापासून सांगितलं. आत्यांची बुंदी, छापाचा हातोडा, धर्मशाळेतले उलटे आकडे. मंगरूचं सांगताना त्यांनी लिहिणं थांबवलं. पाणी दिलं. एकदाही म्हणाल्या नाहीत की मी तुम्हाला विचारलं होतं.

मग ह्यांना बोलावून पुन्हा पत्ते मांडले. या वेळी मला आत बसू दिलं. बाई चूक म्हणत होत्या आणि हे शांतपणे रंगाला रंग लावत होते. चूक. रंगाला रंग. चूक. माझ्या हातानं पत्ता उचलून दुसरीकडे ठेवावासा वाटला. मी हात पदराखाली धरून ठेवले. शेवटी बाईंनीच पत्ते गोळा केले आणि म्हणाल्या, बस झालं आज.

मी विचारलं, आता औषध? त्या म्हणाल्या, औषध नाही. फांदी जिथे लागली, तिथलं परत भरून येत नाही. एकटं सोडायचं नाही, विस्तवापाशी, पाण्यापाशी, लहान मुलापाशी तर नाहीच. कामं ठरवून द्यायची, रोज तीच. दुसऱ्याच्या जिवावर बेतेल असं काही हातात द्यायचं नाही. मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, जन्मभर. म्हणजे कमळाला आता आजीकडेच ठेवावं लागेल.

मग मी विचारलं, इतके दिवस जे पोटात घेऊन हिंडत होते ते. "बाई, मी तेव्हाच खरं सांगितलं असतं तर हे बरे झाले असते का?"

त्यांनी पत्त्यांची थप्पी बाजूला सारली. म्हणाल्या, "नाही. हे बरे झाले नसते."

त्यांना वाटलं असेल मला धीर आला. मी उठले, नमस्कार केला. दारापर्यंत येऊन उभ्या राहिल्या, मी आणखी काही विचारेन म्हणून. मंगरूबद्दलचा दुसरा प्रश्न आम्हा दोघींनाही माहीत होता. मी विचारला नाही.

आता स्टेशनवर बसून हे लिहिते आहे. गाडीला वेळ आहे. ह्यांनी फाटकाजवळून संत्री घेतली. मजेत सोलत आहेत, सालं माझ्या पातळावर पडताहेत. एक फोड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "खा, गोड आहे."

गोड आहे.